गावच्या पेठेचा इतिहास लिहायचाय? आधी पत्ता विचारा

तालुक्याच्या कुठल्याही गावात उतरा आणि एखाद्याचं घर विचारा. उत्तर साधारण असं येतं: "जुन्या टॉकीजवरून सरळ जा, जकात नाका लागेल, तिथून डावीकडं कासार आळी. वखारीसमोरचं घर." प्रत्यक्षात टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय झालेलं असतं. नाक्यावर झेरॉक्सची टपरी असते, कारण नगरपालिकांची जकातच १९९९ मध्ये बंद झाली. कासार आळीत बांगड्यांचं एकही दुकान उरलेलं नसतं आणि वखार पाडून तिथं अपार्टमेंट उभं असतं. परका माणूस गोंधळतो, गावातला बरोबर पोचतो. चार खुणा सांगितल्या, त्यातली एकही आज जागेवर नाही, तरी पत्ता चुकलेला नाही.

गावातल्या दुकानांचा, धंद्यांचा, आळ्यांचा इतिहास लिहू म्हणणाऱ्या नव्या माणसाला म्हणूनच माझं सांगणं असतं, की दफ्तरात शिरण्याआधी आठवडाभर नुसते पत्ते गोळा करा. रिक्षावाला, पोस्टमन, पेपर टाकणारा, सिलिंडर आणणारा, जो भेटेल त्याला विचारा आणि तो जे शब्द वापरेल तेच लिहून घ्या. "बर्मा शेलचा पंप" असं कुणी म्हणालं तर "भारत पेट्रोलियम" असं दुरुस्त करू नका. बर्मा शेलचं सरकारीकरण १९७६ मध्ये झालं, म्हणजे पंप त्याआधीचा आहे. एवढी नोंद तुम्हाला बोलण्यातून फुकट मिळाली.

एक गल्ली घ्या, अख्खं गाव घेऊ नका

नवखे लोक इथंच फसतात. "आमच्या गावाचा समग्र इतिहास" असं वहीवर लिहितात, पहिलं प्रकरण पुराणकाळापासून सुरू करतात आणि शिवकाळापर्यंत येता येता दमतात. बाजारपेठ राहूनच जाते. तुम्ही शे-दोनशे पावलांची एकच गल्ली घ्या. शक्यतो तुमच्या रोजच्या पायाखालची.

मग दुपारी, गर्दी नसताना, वही घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जा. डावी बाजू आधी, उजवी येताना. प्रत्येक गाळ्याला एक आकडा द्या आणि आज तिथं काय आहे ते लिहा. मोबाईलचं दुकान असलं तरी लिहा, बंद शटर असलं तरी लिहा. आजची ओळ पक्की असल्याशिवाय तिच्यामागे जुनी ओळ लावता येत नाही. पाटीवर "स्थापना १९५२" असलं तर टिपून घ्या, पण लगेच विश्वास ठेवू नका. ते साल बहुधा पेढीचं असतं, या जागेचं नसतं. कधी तर आजोबांनी दुसऱ्याच गावात काढलेल्या वेगळ्याच धंद्याचं असतं.

पाटीच्या खाली बघायलाही शिका. शटर यायच्या आधी दुकानं फळ्यांनी बंद व्हायची. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत एक खाच, त्या खाचेत एकेक फळी सरकवायची, शेवटची फळी बसली की आडवी पट्टी आणि कुलूप. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत, कारण नऊ नंबरची फळी चारच्या जागी बसत नसे. आज फळ्या गेल्या, पण पुष्कळ जुन्या घरांच्या दगडी उंबऱ्यात ती खाच तशीच आहे. आमच्या गल्लीत ज्या घराला सगळे "पहिल्यापासून राहतं घर" म्हणत होते, त्याच्या उंबऱ्यात मला बोटभर खोल खाच सापडली. घरातल्या आजींना दाखवली तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, सासऱ्यांची रॉकेलची एजन्सी होती की इथं!" त्या घरात साठ वर्षं राहत होत्या, पण विचारल्याशिवाय आठवलं नव्हतं.

माणसांशी बोलताना

गावात इतिहासाची आवड असलेले दोन-तीन ठरलेले वक्ते असतात. त्यांना भेटा, मान द्या, पण शेवटी भेटा. त्यांची गोष्ट घोटून घोटून गुळगुळीत झालेली असते. खरा माल शिंप्याकडं, डॉक्टरांच्या निवृत्त कंपाउंडरकडं, आडतीवरच्या हमाल-मापाड्याकडं, पंक्चरवाल्याकडं आणि घरातल्या बायकांकडं असतो. दुकानदार स्वतः आपल्या धंद्याबद्दल हात राखून बोलतो. त्याच्याकडं वीस वर्षं गुमास्ता असलेला माणूस मोकळेपणानं बोलतो.

"तुमच्या काळी बाजार कसा होता?" असा प्रश्न विचारू नका. उत्तर एकच येतं: "पूर्वी फार चांगलं होतं हो." नेमकं विचारा. "तुमच्या लग्नाचा बस्ता कुणाकडं बांधला?" या एका प्रश्नावर मी अख्खी सकाळ काढलेली आहे. कापडवाला कोण, त्याच्याकडं उधारी चालायची का, गादीवर बसून पाहायचं की उभ्यानं, शिलाईला कापड कुठं दिलं, दागिने कुठल्या सराफाकडं, पत्रिका कुठल्या छापखान्यात, मांडव कुणाचा, बँड कुठला, आचारी कोण. एका लग्नात गावातले दहा-बारा धंदे सापडतात, आणि लग्नाची तारीख कुणी विसरत नाही, त्यामुळे साल आपोआप मिळतं. तसाच दुसरा प्रश्न: "पहिलं बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात?" त्यातून सुईण, वैद्य, पहिला डॉक्टर आणि सरकारी दवाखाना येतो.

साल मात्र कधी थेट विचारू नका. माणसं साल सांगतात ते अंदाजानं, आणि अंदाज नेहमी गोल आकड्यावर बसतो. त्याऐवजी खुंटी द्या, म्हणजे सगळ्यांना आठवणारी एखादी घटना. नवा पैसा आला तेव्हा (१ एप्रिल १९५७) दुकान होतं का? पानशेत फुटलं त्या साली (१९६१)? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा फडताळातली बरणी पडली ती याच दुकानात का? बहात्तरच्या दुष्काळात सुकडी कुठं मिळायची? मराठवाड्यात पोलीस ॲक्शन (निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं ते, सप्टेंबर १९४८) ही सगळ्यात पक्की खुंटी, आणि लातूर-धाराशिवकडं १९९३ चा किल्लारीचा भूकंप. दोन खुंट्यांच्या मधे दुकान सापडलं की झालं. तेवढंच लिहा: "१९५७ ते १९६७ दरम्यान सुरू." खोटं नेमकं साल लिहिण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

पश्चिम महाराष्ट्रात एका खुंटीपाशी जपून. गांधीहत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत बऱ्याच गावांत जाळपोळ झाली, वाडे आणि दुकानं जळली, कुटुंबं पुण्या-मुंबईकडं गेली. पेठेतली मालकी एकदम बदललेली दिसली तर कारण तिथं असू शकतं. लोक बोलतील, पण रेकॉर्डिंग बंद करायला सांगतील. बंद करा.

घरातला कागद आणि घरातलं भांडं

गप्पांच्या ओघात "काही जुनं ठेवलंय का?" असं विचारलं की उत्तर "काही नाही" असंच येतं. इतिहास म्हणजे तलवारी आणि ताम्रपट असं डोक्यात असतं. म्हणून वस्तूचं नाव घेऊन मागा. पितळेची घागर आहे का? जुन्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख, कधी गावही. फोटोच्या पाठीमागं स्टुडिओचा शिक्का असतो. लग्नपत्रिकेच्या तळाला छापखान्याचं नाव असतं. बिलाच्या माथ्यावर "फोन नं. २७" असं दोन आकडी काही दिसलं तर ते हातानं जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजच्या दिवसांतलं.

चोपड्या मिळाल्या तर नशीब समजा. रोजकीर्द म्हणजे त्या त्या दिवसाची जमाखर्चाची नोंद, खतावणी म्हणजे माणसागणिक खातं. नवख्यानं खतावणी आधी पाहावी. कोणकोणत्या गावांचं गिऱ्हाईक होतं हे पानापानावर दिसतं आणि बाजाराचा घेर कळतो. हिशेब रुपये-आणे-पैत असतील: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. वजनं शेर-मणात असतील: चाळीस शेरांचा मण. पण धान्य मापानं विकलं असेल तर पायलीचा हिशेब वेगळा, आणि गावोगावचा शेर सारखा नव्हता, म्हणून किलोत रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. जसं आहे तसं उतरवा. मेट्रिक मापं १९६२ पर्यंत सगळीकडं सक्तीची झाली, त्यामुळे किलोतली चोपडी साधारण त्या सुमारची किंवा नंतरची.

तारखांचं तेवढं शिकून घ्या, फार कठीण नाही. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा: शके १८५२ म्हणजे १९३० चा गुढीपाडवा ते १९३१ चा गुढीपाडवा, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो आणि वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. ५७ वजा करा, म्हणजे संवत १९९६ हे १९३९ च्या दिवाळीला सुरू झालं. निजामाच्या मुलखातल्या कागदांवर फसली (महसुली) साल सापडतं, तिथं ५९० मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक राहतो, तो मान्य करून चालायचं.

मोडी दिसली की घाबरून कागद परत देऊ नका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात मोडी होती, त्यामुळे तुमच्या पणजोबांच्या दुकानाचा कागद मोडीत असणं अगदी साधी गोष्ट आहे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. तोवर फोटो काढून ठेवा. नीट, सपाट, उजेडात, आणि कडेला पट्टी ठेवून, म्हणजे कागद केवढा होता ते पुढं कळेल. मूळ कागद घरी नेऊ नका. "वाचून परत देतो" म्हणून आणलेला कागद परत गेला नाही, की त्या आळीत तुमचं काम संपलं.

कचेरीत

इथं वेळ लागतो, पण थोडक्यात सांगतो. गावठाणाचं नगर भूमापन झालं असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात प्रत्येक जागेचं मालमत्ता पत्रक मिळतं. त्यावर मूळ धारक आणि पुढचे फेरफार तारखेसकट असतात. भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही पाहायला मिळाली तर त्याहून बरं. नगरपरिषदेत कर आकारणीची रजिस्टरं आणि सभांचे ठराव. ठरावांत दिवाबत्ती, नळ, खाटीकखाना, भाजी मंडई, गटार असं सगळं गाव दिसतं. ग्रामपंचायत असेल तर नमुना ८ ची नोंदवही. दुकानाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं शॉप ॲक्टचं जुनं लायसन्सही पाहा. मुंबई राज्याचा तो जुना कायदा १९४८ चा होता, त्यामुळे लायसन्स बहुधा त्याच्या पुढचंच असणार.

मालमत्ता पत्रक मालक सांगतं, दुकानदार सांगत नाही, हे मात्र विसरू नका. पेठेतली निम्मीशिम्मी दुकानं भाड्याची असायची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडेकरूला काढणं अवघड झालं, म्हणून भर चौकात पंचाहत्तर वर्षांचं जुनाट दुकान नाममात्र भाड्यावर टिकून राहिलेलं दिसतं. लोकांना वाटतं धंदा जोरात आहे. खरं कारण बऱ्याचदा भाडं असतं.

एका कचेरीत मला तीन खेपा "ते सगळं वाळवीनं खाल्लं" असं सांगण्यात आलं. चौथ्या खेपेला शिपाई चहा प्यायला बाहेर आला, त्याच्याशी गप्पा मारल्या, आणि रजिस्टरं कपाटाच्या वर मतपेट्यांच्या मागं निघाली. माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर. पण तो अर्ज पहिल्याच दिवशी टाकला की समोरचा माणूस सावध होतो. आधी चहा, मग अर्ज.

लोक तुम्हाला बिल्डरचा माणूस समजतील, ही तयारी ठेवा. जागांवर वाद असतात, भाऊबंदकी असते. वही उघडण्याआधीच सांगून टाका, की मला सातबारा, हिस्से, वारस यातलं काही नको, इथं काय विकलं जायचं तेवढंच हवंय.

छापील साधनं

ब्रिटिश मुंबई इलाख्यात तुमचं गाव असेल तर कॅम्पबेलनं संपादित केलेली जिल्हा गॅझेटियर पाहा: खानदेश १८८०, नाशिक १८८३, सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. राज्याच्या गॅझेटियर विभागानं ती पुन्हा उपलब्ध केली आहेत. शेवटच्या भागात गावांची माहिती वर्णानुक्रमे असते. बाजाराचा वार, टपाल कचेरी, दवाखाना, शाळा, कोणता माल येतो-जातो. दोन ओळी असतील किंवा दोन पानं. जातींविषयीचा मजकूर वाचताना तो साहेबाच्या नजरेनं लिहिलेला आहे हे ध्यानात असू द्या. मराठवाडा या मालिकेत सापडणार नाही, तो निजामाकडं होता. विदर्भासाठी मध्यप्रांत-वऱ्हाडची गॅझेटियर. संस्थानी गाव असेल तर संस्थानचे वार्षिक अहवाल शोधा.

खरी खाण मात्र याहून जवळ आहे. गावातल्या वाचनालयात जा आणि शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, गणेश मंडळांच्या स्मरणिका, नाट्यसंमेलनाचं पुस्तक असलं काहीतरी मागा. लेख सोडून द्या, जाहिराती वाचा. "आमचेकडे सर्व प्रकारचे स्टोव्ह, पंप व बत्त्या दुरुस्त करून मिळतील, स्टँडसमोर." दुकानाचं नाव, माल, जागा, फोन नंबर आणि साल, सगळं एका चौकटीत. मग देवळात जा आणि खाली बघत चाला. फरशीवर, पायरीवर, घंटेवर देणगीदार दुकानदारांची नावं असतात. सरकारी नोंद हरवते, पण देवळाची फरशी सहसा कुणी उखडत नाही.

बाजार का सरकला हे शोधा

नावं आणि सालं जमली की नवख्याला काम झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते इथून मजा सुरू होते. कारण बाजार एका जागी बसत नाही, तो सरकतो, आणि सरकण्याला प्रत्येक वेळी कारण असतं.

पहिलं कारण रेल्वे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये धावू लागली आणि बार्शीच्या बाजाराला थेट मुख्य मार्ग मिळाला. उलट, रुळापासून पाच-सात मैल दूर राहिलेली कसब्याची, म्हणजे जुन्या बाजाराची, गावं बसली, आणि स्टेशनभोवती नवी पेठ उठली. तुमच्या गावात "स्टेशन रोड" असेल तर त्याच्यावरची घरं आणि कसब्यातली घरं यांच्या बांधणीतला फरक पाहा. दुसरं कारण एसटी. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, पुढं गावोगावी स्टँड झाले, आणि चहा, फळं, औषधं, लॉज, सायकल भाड्यानं देणारे, सगळे स्टँडकडं धावले. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटार कुठून सुटायची तेही विचारा. त्या जागी आजही एखादं जुनं हॉटेल असतं. तिसरं कारण बाजार समिती. आडत दुकानं पेठेतून मार्केट यार्डात गेली, की बैलगाड्या गेल्या, त्यांच्यामागं लोहार, सुतार, दोरवाले आणि पेंड विकणारे गेले. चौथं कारण बायपास, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलंच असेल.

प्लेगही यादीत घ्या. १८९६ नंतरच्या साथींत लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, आणि काही ठिकाणी वेशीबाहेरची पहिली वस्ती तिथूनच सुरू झाली. काही गावं तर कारखान्यानंच जन्माला घातली. किर्लोस्करवाडी १९१० ची, ओगलेवाडी तिथल्या काच कारखान्याची, दोन्ही औंध संस्थानात. "संस्थानिकानं जागा दिली" हे कारण तुमच्या भागातही लागू पडतं का, ते तपासा.

आळ्यांची नावं

नावावरून घाईनं अर्थ काढू नका. पुण्याच्या रास्ता पेठेचा रस्त्याशी काही संबंध नाही, ती सरदार रास्त्यांची. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा ही नावं धंदा सांगतात, पण नाव राहतं आणि माणसं जातात. ती कधी आणि कुठं गेली हा तुमचा प्रश्न. तांबटाच्या हातातलं काम ॲल्युमिनियमनं आणि मग स्टीलनं घेतलं. त्याची मुलं काय करू लागली, हे कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाही.

जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. लिहिताना आजचंच नाव वापरा. जुनं नाव कागदात असल्यामुळं द्यावंच लागलं तर अवतरणात, एकदाच, कारणासह. पण नाव टाळताना वस्ती टाळू नका. पेठेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण वेशीच्या आत थांबतात. बाजारात जागा कुणाला होती, ओट्यावर कोण बसायचं, जमिनीवर पोतं टाकून कोण बसायचं, आणि चामडं, झाडू, दोर, टोपल्या विकायला आणणाऱ्याला हॉटेलात कप कुठला मिळायचा, हे विचारलंत तरच तुमच्या नकाशाला चारही बाजू येतील. आठवडी बाजाराच्या दिवशी जा. गाळा नसलेल्यांचा धंदा त्याच दिवशी दिसतो, आणि भाजीवाल्या आजीच्या जागेचा हक्क तीन पिढ्यांचा असू शकतो, कुठल्याही रजिस्टरात नसलेला.

लिहून काढताना

गाळ्यागणिक एक पान. वर आजचा आकडा आणि पाटी, खाली उलट क्रमानं आधीची दुकानं, प्रत्येक ओळीपुढं ती कशावरून कळली ते: सांगणारा, बिल, फरशी, पत्रक. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा. पंच व्हायची गरज नाही. दिवाळं निघालं, भागीदारी मोडली, आग लागली की लावली, असल्या गोष्टी हयात कुटुंबाच्या परवानगीशिवाय छापू नका. हातानं काढलेला नकाशा जोडा, अगदी वाकडातिकडा चालेल.

पहिला खर्डा झाला की छापायला धावू नका. झेरॉक्स काढा, प्रत्येक पानाला चार बोटं समास सोडा, आणि एक प्रत वाचनालयात, एक त्या गल्लीतल्या केशकर्तनालयात ठेवा, सोबत दोरीला बांधलेली पेन्सिल. महिन्यानं जाऊन बघा. माझ्या प्रतीवर गाळा नंबर अकराच्या पुढं तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "इथे आधी पिठाची गिरणी होती", "गिरणी नाही, कांडप", आणि त्याखाली, "दोन्ही होतं. गिरणी पुढे, कांडप मागे. मी तिथं कामाला होते."